सावद्याची अचानक भेट

जळगाव,
रविवार, सकाळ

प्रिय राकेश,

जय भीम. अक्षर बघून हसू नकोस. एवढं मोठं अक्षर मी आयुष्यात एकदाच काढलं होतं, गाडीच्या काचेवर चिकटवायला 'शासकीय काम' लिहिताना. डॉक्टर म्हणाले की तुला ओळी हलताना दिसतात, म्हणून एक ओळ सोडून एक ओळ लिहितोय. तुझी लतामामी दोनदा डोकावून गेली, म्हणाली परीक्षेला बसलात की काय. मी म्हटलं, बसलोय. तू घाई करू नकोस. दिवसाला चार पानं वाचलीस तरी चालेल, फक्त बुधवारपर्यंत संपव. आणि आधी तू वाच. मग शिल्पाला दे, मग तुझ्या आईला. शिल्पा मोठी बहीण म्हणून तुझ्या हातातून वही ओढून घेईल, पण देऊ नकोस. उद्या सकाळी आमच्या ऑफिसची गाडी भुसावळला येतेय, तिच्याबरोबर पाठवतो. गाडीवर मी नाही, प्रेमराज नावाचा नवा ड्रायव्हर आहे. का, ते पुढे येईल.

गुरुवारी धुळ्याला सुनावणी आहे हे तुला माहीत आहे. जळगावच्या लोकांनी जळगावच्याच लोकांची चौकशी करणं बरं दिसत नाही, म्हणून ती धुळ्याच्या अधिकाऱ्यांकडे दिली. जीवरामभाऊ जामिनावर सुटलाय आणि त्याने केंद्र परत सुरू करायची परवानगी मागितली आहे. केंद्राच्या पाटीवरचं नाव मी इथे लिहीत नाही, ते माझ्या हातून पुन्हा लिहिलं जायला नको. त्याच्या वकिलाचं म्हणणं सरळ आहे. आमच्या तपासणी समितीने दोन वर्षांत सहा वेळा, न सांगता, अचानक जाऊन केंद्र बघितलं. पाच वेळा 'समाधानकारक' असा शेरा दिला. सहाव्या वेळी जे झालं ती एका वॉचमनची चूक. तुम्ही मुलांनी जबाबात सांगितलंय की तपासणीच्या दिवशी दर वेळी काही पोरांना मागच्या पत्र्याच्या खोलीत कोंडायचे. त्यावर वकील विचारतो, समिती येणार हे केंद्राला आधी कळायचंच कसं? मग सुनावणीला बसलेल्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणतो, शेवटी बिघडलेली पोरं, काहीही बोलतील. सगळं या एका प्रश्नापाशी अडलंय. उत्तर मिळालं नाही तर येत्या उन्हाळ्यापर्यंत तिथे पुन्हा चाळीस पोरं झोपायला असतील.

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. पण ते असं एका ओळीत सांगून टाकलं तर तुला मी कळणार नाही, आणि मला तर मीच अजून नीट कळलेलो नाही. म्हणून जरा मागून येतो. इतकी वर्षं रस्ता बघून बोललोय, माणसाच्या डोळ्यात बघून बोलायची सवय नाही.

तू चार वर्षांचा असताना मी धुळ्याच्या ऑफिसात होतो. अक्का उन्हाळ्यात तुम्हा दोघांना घेऊन माहेरपणाला यायची. शिल्पा पुस्तक घेऊन बसायची आणि तू माझ्या जीपमध्ये. एकदा साहेब मागे बसलेले असताना तू सीटखालून वर आलास आणि हॉर्नवर दोन्ही हात ठेवून बसलास. साहेब इतके दचकले की त्यांची फाइल चिखलात पडली. मला मेमो मिळाला. मेमोत 'अनधिकृत बालक' असं लिहिलं होतं, तेव्हापासून कितीतरी वर्षं मी तुला त्याच नावाने हाक मारायचो. तू चिडायचास आणि मला जास्तच मजा यायची.

मग तुझे वडील गेले. रुळांवर काम करताना गेले आणि दुसऱ्या दिवशी गाड्या वेळेवर सुरू झाल्या, हे तू मला सांगितलं होतंस. चौदा वर्षांचं पोर हे बोललं आणि मी पाठीवर थाप मारून विषय बदलला. अक्काला रेल्वेत नोकरी लागली, तिच्या ड्युट्या सुरू झाल्या, शिल्पा नर्सिंगला गेली आणि तू घरात एकटा राहिलास. यार्डामागच्या पोरांबरोबर पंक्चरचं सोल्युशन पिशवीत घेऊन हुंगायला लागलास, ते आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. एका संध्याकाळी तू अक्काला ढकललंस आणि तिचं मनगट मोडलं. ती मला फोनवर म्हणाली, पाय घसरला. शिल्पाने खरं सांगितलं. मी त्याच रविवारी आलो. तू माझ्यासमोर मान खाली घालून बसला होतास, पाय हलत होता, ओठांच्या कडा सोलल्या होत्या. मला तुझा राग आला नव्हता राकेश. मला भीती वाटली होती, आणि घाबरलेला माणूस पटकन काहीतरी करायला बघतो.

मला एक जागा माहीत होती. सावद्याच्या अलीकडे, केळीच्या बागांमध्ये, मोठं आवार. पूर्वी तिथे केळीचा व्यापार चालायचा, मग जीवरामभाऊने तिथे मुलांना सुधारायचं केंद्र काढलं. समितीला घेऊन मी तिथे पाच वेळा गेलो होतो. प्रत्येक वेळी अंगण झाडून पाणी मारलेलं, पोरं पांढऱ्या सदऱ्यात रांगेत बसलेली, फळ्यावर सुविचार, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. समितीच्या मोठ्या मॅडम मुलांना गोल करून विचारायच्या, काही त्रास आहे का? सगळे एका सुरात म्हणायचे, नाही मॅडम. मॅडमच्या पाठीमागे जीवरामभाऊ हात बांधून उभा असायचा. मी लांबून, गाडीला टेकून बघायचो आणि मला वाटायचं, वा, काय शिस्त आहे. आमच्या लहानपणी अशी कोणी लावली असती तर मी ड्रायव्हर झालो नसतो.

मी अक्काला म्हणालो, माझ्यावर सोड, मी पाच वेळा डोळ्यांनी बघितलंय. शिल्पाने तेव्हाच विरोध केला होता. तिचं म्हणणं होतं की सरकारी गाडी येणार म्हटल्यावर कोणीही झाडून ठेवतं. मी तिच्यावर डाफरलो. म्हणालो, आम्ही सांगून जात नाही, अचानक जातो, तुला सरकारी काम काय कळतं? त्यावेळी मी खोटं बोलतोय हे मला ठाऊक नव्हतं, हे तुला खरं वाटणार नाही. पण तसंच होतं. का, ते आता सांगतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा रमजानचाचा म्हणून सीनियर ड्रायव्हर होते. त्यांनी मला घाट चढायला शिकवलं, इंजिनचा आवाज ओळखायला शिकवलं, आणि एक गोष्ट शिकवली की साहेब बंद गेटसमोर उभा राहता कामा नये. गेट बंद, वॉचमन झोपलेला, प्यायला पाणी नाही, तर साहेब चिडणार ते ड्रायव्हरवर. म्हणून वाटेतून एक फोन करायचा. 'साहब निकल गये, चाय रख्खो.' एवढंच. तेव्हा आम्ही एसटीडी बूथवर रांगेत उभं राहून हा फोन करायचो. पुढे मोबाइल आले. मी जिथे जिथे साहेबांना नेलं, शाळा असो, दवाखाना असो, आश्रमशाळा असो, तिथे हा फोन केला. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणाकडून कधी काही घेतलं नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता. ऑफिसात म्हणायचे, भिकनभाऊ गाडीवर असले की समितीला कधी ताटकळावं लागत नाही.

सावद्याच्या भेटीच्या फाइलवर 'गोपनीय' लिहिलेलं असायचं. मॅडम बाकीच्यांना गावाचं नाव गाडीत बसल्यावर सांगायच्या. पण आदल्या संध्याकाळी टाकी भरून ठेव, उद्या सावद्याकडे जायचंय, हे मला सांगायच्याच. भुसावळला समिती चहाला थांबायची आणि मी गाडीला टेकून जीवरामभाऊला फोन लावायचो. लपून नाही रे. सगळ्यांच्या समोर, मोठ्या आवाजात. कोणी विचारलं नाही कोणाला फोन करतोयस, कारण ड्रायव्हर फोनवर काय बोलतो हे कोण ऐकतं? भुसावळहून पाऊण तासात आम्ही पोचायचो. त्या पाऊण तासात तिथे काय काय व्हायचं ते तू मला दवाखान्यात, एकेक शब्द जोडत सांगितलंस. पांढरे सदरे वाटायचे. ज्यांच्या तोंडावर, हातावर वळ दिसतात त्यांना वेगळं काढायचं आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत घालायचं. समिती दीड तासात निघून जायची, मग दार उघडायचं. पाचही वेळा मी त्या खोलीपासून तीस-चाळीस पावलांवर कडुनिंबाखाली बसून चहा प्यायलो होतो.

हा फोन म्हणजे बातमी फोडणं आहे, हे माझ्या मनात कधी आलंच नाही. शिल्पाशी भांडताना मी छातीवर हात ठेवून म्हणालो की आम्ही सांगून जात नाही, आणि सांगणारा मीच होतो.

जानेवारीत मी तुला तिथे सोडलं. तुझा मोबाइल, पट्टा आणि बुटांच्या नाड्या त्यांनी काढून घेतल्या. मी म्हणालो, सहा महिने काढ, मग तुला गाडी शिकवतो. तू काहीच बोलला नाहीस. बाकीच्यांसारखा रडला असतास, शिव्या दिल्या असत्यास, तर बरं झालं असतं. अक्काला भेटायची परवानगी तीन महिन्यांनी होती. तीन महिन्यांनी ते म्हणाले, आत्ता मुलगा लायनीवर येतोय, आई दिसली की बिघडेल. आम्ही तेही ऐकलं.

मग मे महिना आला. त्या दिवशी सावद्याला सत्तेचाळीसच्या वर पारा होता. आम्ही साडेबाराला पोचलो. मॅडमना जळगावला मीटिंग लागली होती म्हणून निघायलाच अकरा वाजले. तपासणी अर्ध्या तासात झाली. मग जेवण. वरण-बट्टी होती, घोटलेली वांग्याची भाजी होती. बट्टी आधी उकडायची, मग कापायची, मग तुपात तळायची, त्याला किती वेळ लागतो हे खानदेशात लहान मुलालाही ठाऊक आहे. अचानक आलेल्या पाच माणसांसाठी ती तयार कशी, असं समितीतल्या एकाही माणसाने विचारलं नाही. तूप वाढून घेतलं. जेवल्यावर सगळे कूलरसमोर लवंडले. मी जीवरामभाऊला तुझं विचारलं. तो म्हणाला, काही मुलांना पारोळ्याचा किल्ला दाखवायला नेलंय, तुमचा भाचा पण गेलाय, पोरगं हुशार आहे. सत्तेचाळीस डिग्रीत किल्ला! आणि मला आनंद झाला. माझ्या भाच्याला फिरायला नेलं म्हणून मला आनंद झाला, आणि मी आडवा झालो.

साडेतीनच्या सुमाराला वच्छलाबाई भांडी घासता घासता उठली. ती तिथली स्वयंपाकीण, पारोळ्याकडची. पाच भेटींत मी तिच्याशी गावाकडच्या बोलीत दोन शब्द बोलायचो, बाकी कोणी बोलत नसेल. तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि खाली बघत म्हणाली, "भाऊ, तुमना भाचा कोठेच जायेल नही. तो तठे शे, पत्रानी खोलीमा. बठ्ठा पोरे तठेच शेतस. सकायपाईन कुलूप शे." आणि परत जाऊन भांडी घासायला लागली.

सकाळपासून कुलूप, म्हणाली ती. मी मागे गेलो. त्या खोलीत पूर्वी केळी पिकवायचे, म्हणून खिडकी नाही, आणि दार घट्ट बसणारं. मला वाटलं होतं आतून कोणी ओरडत असेल, दार वाजवत असेल. काहीच आवाज नव्हता. चावी मागायला मी गेलो नाही. गाडीतली टॉमी, ती चाक खोलायची लोखंडी दांडी, आणली आणि कोयंडा उपटला. दाराला हात लावला तर हात भाजला. आत अकरा पोरं होती. आठ जण दाराच्या फटीशी तोंड लावून पडलेले, पण डोळे उघडे. तू, तौफिक आणि तो यावलचा मुलगा, तुम्ही तिघं लांब भिंतीशी होतात. तुला मी ओळखलं नाही. तुझ्या तोंडावर एवढी सूज होती आणि ती उन्हाची नव्हती, ती आधीची होती. तुझ्या हातावरच्या जुन्या, सायकलवरून पडल्याच्या खुणेवरून मी तुला ओळखलं.

तिघांना मी गाडीत घातलं. मॅडम बाहेर आल्या आणि सवयीने म्हणाल्या, भिकन, गाडी कुठे नेतोयस? मग त्यांनी आत बघितलं. मागे चढल्या आणि तौफिकचं डोकं मांडीवर घेतलं. निघण्याआधी मी त्याला पाणी पाजायला गेलो, थोडं आत गेलं, बाकीचं कडेने वाहिलं. भुसावळपर्यंत मी कुठे ब्रेक लावला असेल तर मला आठवत नाही. तो फैजपूर ओलांडायच्या आधीच गेला होता, पण मॅडमनी मला दवाखान्याच्या दारापर्यंत सांगितलं नाही. पंधरा वर्षांचा होता.

पुढचं तुला माहीत आहे. तू वाचलास, पण उष्म्याने मेंदूचा तोल सांभाळणारा भाग जळाला. आता तू भिंत धरून चालतोस, ग्लास दोन्ही हातांनी धरतोस तरी निम्मं पाणी सांडतं. बोलताना शब्द घसरतात. 'मामा' तेवढं स्वच्छ येतं, असं अक्का कौतुकाने सगळ्यांना सांगते. ती आणखीही सांगते. माझ्या भावाने कोयंडा तोडला, माझ्या भावाने मरणाच्या दारातून पोरगं परत आणलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तुमच्या विहारात वंदना झाल्यावर माझा शाल देऊन सत्कार केला. तू खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होतास, हात एकमेकांवर नीट पडत नव्हते तरी वाजवत होतास. मी समोर बघू शकलो नाही. लोकांना वाटलं, भिकनभाऊंचं मन भरून आलं.

त्याच्या आधी सप्टेंबरात सुगराबी आली होती, तौफिकची आई. ती शिवणकाम करते. तिने माझ्यासाठी शर्ट शिवून आणला होता, माप न घेता, नुसतं नजरेने बघितलेल्या अंदाजाने. म्हणाली, "भाई, मेरे बच्चे ने आखरी पानी तुम्हारे हाथ का पिया." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी तिच्यापेक्षा वयाने मोठा असून. शर्ट अगदी बरोबर बसला. तो मी अंगातून काढला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. लतामामीला वाटलं, मला तौफिकचं दुःख झालंय. ते तर होतंच.

जुलैत एकदा पाचोऱ्याहून परत येताना गाडीत मॅडम आणि मी दोघंच होतो. त्या बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, भिकन, आपण येणार हे त्यांना कळायचं कसं रे? मी आरशात बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी गिअर बदलला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मला वाटतं त्यांना तेव्हा कळलं. पण त्यांनीही कोणाला सांगितलं नाही. आम्ही दोघं चार महिने एकाच गाडीत बसून गप्प राहिलो.

परवा शुक्रवारी मी रजा टाकून धुळ्याला गेलो आणि लेखी जबाब दिला. सहाही भेटींच्या आधी फोन मी केला, माझ्या नंबरवरून केला, फोन कंपनीकडून हवं तर तपासून घ्या. लिहून घेणारा अधिकारी तरुण होता. तो थांबला आणि म्हणाला, काका, तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, माहीत आहे ना? मी म्हटलं, लिहा. संध्याकाळी परत येईपर्यंत जळगावला कळलं होतं. गाडीची किल्ली काढून घेतली. मार्चमध्ये रिटायर व्हायचं होतं, आता ते कसं होतं ते बघू. तुम्हा पोरांना खोटं ठरवणारा तो प्रश्न आता उरलेला नाही. एवढं एक काम झालं. पण ते झालं म्हणून मी मोकळा झालो असं समजू नकोस.

आता खरं ते. सहावा फोन मी भुसावळहून केला नाही. तो जळगावहून केला, सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी, मॅडमना घ्यायला जायच्याही आधी. कारण तू तिथे होतास. मला वाटलं, लवकर कळवलं तर बट्टी करायला वेळ मिळेल, तुम्हा पोरांच्याही ताटात पडेल, तुला आंघोळ घालतील, धुतलेला सदरा देतील. मी जीवरामभाऊला म्हणालो, आज निवांत येतोय, जेवूनच जाऊ, आणि माझ्या भाच्याशी मला दहा मिनिटं एकट्याने बोलू द्या. हे तू लक्षपूर्वक वाच. तुझं तोंड आदल्या दिवशी मारून सुजवलेलं होतं, आणि मामा एकट्याने भेटायचं म्हणतोय हे कळल्यावर त्यांनी सगळ्यात आधी तुला त्या खोलीत घातलं. साडेआठला. मॅडमची मीटिंग लांबली तेव्हा उशीर होतोय हे कळवायला मी दुसरा फोन केला नाही, मला वाटलं बट्टी बरी मुरेल. दर वेळी दोन तास कोंडायचे, त्या दिवशी सात तास झाले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते की तीन-चार तासांत बाहेर काढलं असतं तर तिघंही धडधाकट घरी गेले असते. मी तेव्हा तिथेच उभा होतो आणि बोटांवर तास मोजत होतो. तौफिक माझ्या त्या फोनने गेला आणि तुझे पाय माझ्या त्या फोनने गेले. माया करायला गेलो होतो रे मी.

हे सगळं माझ्या जबाबात आहे, वेळेसकट, मी फोनवर बोललेल्या शब्दांसकट, आणि गुरुवारी तिथला कारकून ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहे. अक्का तिथे असेल, सुगराबी असेल. नेहमीप्रमाणे तू माझा हात धरून जिना चढशील, माझ्या शेजारी बसशील, आणि हात हातात असताना तुला एका परक्या माणसाच्या तोंडून हे ऐकावं लागेल. ते मला होऊ द्यायचं नाही, म्हणून हे पत्र लिहिलं. माफी मागायला नाही. ती मागायची माझी हिंमत नाही आणि तू दिलीस तरी मला ती घेता येणार नाही. मी पहाटेच्या एसटीने पुढे जाईन आणि शेवटच्या बाकावर बसेन. तू शिल्पाचा हात धरून ये. पुढे सुगराबीच्या शेजारची खुर्ची मी तुझ्यासाठी धरून ठेवायला सांगितली आहे. माझ्याजवळ यायचं की नाही, ते तू ठरव, आणि नाही आलास तर माझ्याकडे वळून बघायचीही गरज नाही.

तुझाच,
भिकनमामा